जनऔषधी केंद्र: महिन्याच्या गोळ्यांसाठी कितपत भरवशाचं?

बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या साध्या, जुन्या गोळ्या दर महिन्याला लागत असतील तर जनऔषधी केंद्रात जायलाच हवं. थायरॉईडची गोळी, फिट्सचं औषध किंवा रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, मग जा. आणि यापैकी काहीही चालू असलं तरी पाकिटात शेवटच्या दोन गोळ्या उरल्यावर जाऊ नका. या केंद्रांबद्दल जेवढ्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच या तीन गोष्टी आधी माहीत असत्या तर टळल्या असत्या.

जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ नावाने विकली जाणारी औषधं स्वस्तात देण्यासाठी केंद्र सरकारने काढलेली ही योजना २००८ सालची. पहिलं केंद्र अमृतसरला उघडलं. नंतर नाव दोनदा बदललं आणि आता ती 'प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना' आहे. २०२५ च्या सुरुवातीला देशातल्या केंद्रांची संख्या १५,००० वर गेली. औषध कंपन्यांकडून टेंडर काढून घेतलं जातं, प्रत्येक बॅच एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रांना जाते. किंमत ठरवताना त्याच औषधाच्या पहिल्या तीन ब्रँडची सरासरी काढतात आणि तिच्या निम्म्यापेक्षा जास्त किंमत लावत नाहीत. म्हणजे निम्मी ही वरची मर्यादा झाली, बहुतेक औषधं त्याहूनही खाली असतात. शुगरचं सिटाग्लिप्टिन २०२२ साली पेटंटमधून सुटलं तेव्हा जनऔषधीने ५० मिलीग्रॅमच्या १० गोळ्या ६० रुपयांना आणल्या. तेव्हाच्या ब्रँडपेक्षा ते ६० ते ७० टक्के स्वस्त होतं. ज्या घरात दोन माणसं रोज पाच-पाच गोळ्या घेतात तिथे हा फरक किराण्याच्या बिलाएवढा होतो.

केंद्र शोधायला 'जनऔषधी सुगम' हे मोबाईल ॲप आहे. त्यात जवळचं केंद्र दिसतं आणि औषधाचं नाव टाकून किंमतही पाहता येते. जिल्हा रुग्णालयांच्या आवारात, काही रेल्वे स्थानकांवर केंद्रं आहेत. २०२३ पासून प्राथमिक कृषी पतसंस्थांना, म्हणजे गावच्या विकास सोसायट्यांनाही केंद्र चालवायची परवानगी मिळाली आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावाबाहेरही चौकशी करून पाहावी. मात्र 'जेनेरिक मेडिकल' अशी पाटी असलेलं प्रत्येक दुकान जनऔषधी केंद्र नसतं. खासगी जेनेरिक दुकानात पाकिटावर छापील किंमत भरपूर असते आणि त्यावर ५०, ७०, कधी ८० टक्के 'सूट' देतात. तो माल वाईटच असतो असं नाही, पण ती वेगळी व्यवस्था आहे. जनऔषधीच्या पाकिटावर योजनेचं बोधचिन्ह असतं आणि छापील किंमत मुळातच कमी असते, त्यामुळे तिथे सवलतीचा विषय निघत नाही. केंद्रातही काउंटरवर दुसऱ्या कंपनीचं पाकीट पुढे आलं तर 'जनऔषधीचं द्या' असं स्पष्ट म्हणा आणि बोधचिन्ह बघून घ्या.

आता खरी अडचण चिठ्ठीची. डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलेलं असतं आणि केंद्रात ब्रँड नसतो. काउंटरवरचा फार्मासिस्ट 'हे आमच्याकडे नाही' म्हणतो, माणसाला वाटतं औषधच नाही, आणि तो समोरच्या मेडिकलमध्ये जातो. फार्मासिस्ट आडमुठेपणा करतो असं समजू नका. औषध नियम १९४५ मधल्या ६५ व्या नियमानुसार शेड्यूल एचमधल्या (फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या यादीतल्या) औषधाची चिठ्ठी असेल तर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरी तयारी देता येत नाही, आतलं औषध तेच असलं तरीही. बीपी-शुगरची जवळपास सगळी औषधं शेड्यूल एचमध्येच येतात. हा नियम सैलपणे पाळणारी केंद्रं पुष्कळ आहेत, काटेकोर पाळणारीही आहेत. दोन्हीकडे चालेल असा एकच उपाय आहे, डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेणं. २०१६ साली सुधारलेल्या वैद्यकीय आचारसंहितेत डॉक्टरांनी जेनेरिक नावाने, वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं असं म्हटलेलंच आहे. त्यामुळे 'डॉक्टर, जनऔषधीतून घ्यायचं आहे, कंटेंटचं नाव लिहून द्याल का?' असं विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही. तपासणी संपल्यावर, दरवाजात उभं राहून विचारू नका. चिठ्ठी लिहायला घेतल्यावर विचारा.

डॉक्टर ब्रँडच लिहितात असं असेल तर निदान त्या ब्रँडच्या शेपटाकडे नीट बघा, कारण चूक तिथेच होते. भारतातल्या बीपी-शुगरच्या ब्रँडना मागे एखादं अक्षर जोडलेलं असतं आणि त्या अक्षरात अख्खं दुसरं औषध दडलेलं असतं. टेल्मिसार्टनच्या ब्रँडमागे 'एच' असेल तर सोबत हायड्रोक्लोरोथायाझाईड आहे, बहुधा १२.५ मिलीग्रॅम. 'एएम' म्हणजे अॅम्लोडिपिन, 'सीटी' म्हणजे क्लोरथॅलिडोन. शुगरच्या गोळीवर 'एम१', 'एम२' असेल तर बहुधा ग्लिमेपिराईड १ किंवा २ मिलीग्रॅम आणि मेटफॉर्मिन. त्यापुढे 'फोर्ट' लागलं की मेटफॉर्मिन ५०० ऐवजी १००० झालेलं असतं. हृदयाच्या कॅप्सूलला 'गोल्ड' हे शेपूट असेल तर आत अनेकदा अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन अशी तिन्ही असतात. 'टेल्मा द्या' एवढंच सांगून साधं टेल्मिसार्टन ४० घरी आणलं आणि मूळ गोळीत अॅम्लोडिपिनही होतं, तर बीपीचं निम्मं औषध त्या दिवसापासून बंद झालं. लगेच काही जाणवणार नाही. दोन-तीन आठवड्यांनी बीपी वर गेलेला दिसेल आणि दोष जेनेरिकच्या माथी येईल.

म्हणून जुनं रिकामं पाकीट सोबत न्यायचं, आणि त्याची मागची बाजू वाचायची. पुढे मोठ्या अक्षरात ब्रँड असतो, मागे बारीक अक्षरात प्रत्येक गोळीत काय आणि किती हे लिहिलेलं असतं. ती ओळ मोबाईलवर फोटो काढून मोठी करा. तीन गोष्टी जुळायला हव्यात: औषध, मिलीग्रॅम आणि गोळीचा प्रकार. पहिल्या दोन लोक बघतात. तिसरी राहून जाते.

प्रकार म्हणजे गोळी एकदम विरघळते की हळूहळू. मेटफॉर्मिनच्या ब्रँडवर 'एसआर' असतं, जनऔषधीच्या पाकिटावर त्याच जागी 'प्रोलॉन्ग्ड रिलीज' असं पूर्ण लिहिलेलं असू शकतं. ही एकच गोष्ट आहे, घाबरायचं कारण नाही. पण नुसतं 'मेटफॉर्मिन टॅब्लेट' लिहिलेलं पाकीट आलं तर ती साधी गोळी आहे. एसआरच्या जागी साधी घेतली तर पोट बिघडण्याचा त्रास जास्त होतो, आणि मग माणूस गोळीच सोडून देतो. एसआर किंवा ईआर (दोन्ही हळूहळू विरघळणाऱ्या) गोळी चावून, कुटून घ्यायची नाही, हेही घरातल्या वयस्कर माणसांना सांगून ठेवा.

आकड्यांचा घोळ दोन औषधांत हमखास होतो. मेटोप्रोलॉलच्या पाकिटावर कधी २५ दिसतं, कधी २३.७५. दोन्ही बरोबर असू शकतं, कारण २३.७५ मिलीग्रॅम मेटोप्रोलॉल सक्सिनेट हे २५ मिलीग्रॅम टार्ट्रेटच्या (त्याच औषधाच्या दुसऱ्या क्षाररूपाच्या) बरोबरीचं धरतात, तसंच ४७.५ आणि ५० चं. अॅम्लोडिपिनच्या बाबतीत मात्र नाव नीट बघा. काही ब्रँडमध्ये 'एस-अॅम्लोडिपिन' असतं आणि त्याचं २.५ मिलीग्रॅम साध्या अॅम्लोडिपिनच्या ५ ची जागा घेतं. चिठ्ठीवर एस-अॅम्लोडिपिन २.५ असताना साधं अॅम्लोडिपिन २.५ घेतलं तर डोस अर्धा झाला. शंका आली की फार्मासिस्टला विचारा. तिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, जनऔषधी केंद्र झालं तरी ते परवानाधारक मेडिकलच आहे.

घरी आल्यावर सर्वांत मोठा धोका सुरू होतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं: एकच औषध दोन नावांनी, दोनदा घेणं. जुन्या ब्रँडच्या आठ गोळ्या डब्यात शिल्लक आहेत, नवं पाकीट आलं आहे, नाव वेगळं, रंग वेगळा, आकार वेगळा. आजी सकाळी दोन्ही घेते. टेल्मिसार्टन असेल तर चक्कर येईल. ग्लिमेपिराईड असेल तर शुगर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, बेशुद्धीपर्यंत वेळ येऊ शकते. शिवाय जनऔषधीचा माल टेंडरने वेगवेगळ्या कारखान्यांकडून येतो, त्यामुळे या महिन्यातली पांढरी गोल गोळी पुढच्या खेपेला लांबट गुलाबी असू शकते. 'लाल गोळी सकाळी, पांढरी रात्री' ही सवय इथे मोडावीच लागते. उपाय साधा आहे. प्रत्येक पाकिटावर मार्करने मराठीत लिहा: 'बीपी, सकाळी १', 'शुगर, जेवणाआधी १'. ग्लिमेपिराईड असलेली गोळी जेवणाआधी घेतली आणि जेवण चुकलं तर शुगर घसरते, म्हणून त्या पाकिटावर 'जेवण नसेल तर नको' असंही लिहा. जुनं पाकीट आधी संपवा, तोवर नवं डब्यात ठेवूच नका.

किती घ्यायचं? स्थिर असलेल्या पेशंटला डॉक्टर बहुधा तीन महिन्यांनी बोलावतात, तेव्हा हिशोब ९० दिवसांचा करा. रोज एक गोळी असेल तर ९०, म्हणजे दहाची ९ पाकिटं किंवा पंधराची ६. दिवसातून दोनदा मेटफॉर्मिन असेल तर १८०, म्हणजे दहाची १८ किंवा पंधराची १२. ब्रँडमध्ये पंधराची पाकिटं बरीच असतात, जनऔषधीत दहाची जास्त दिसतात, तेव्हा 'नेहमीसारखी सहा पाकिटं द्या' असं पाकिटांच्या भाषेत मागू नका, गोळ्यांची संख्या सांगा. वर आठ-दहा दिवसांचा राखीव साठा धरा. अर्धं कापलेलं पाकीट नको म्हणा, कारण बॅच नंबर आणि एक्सपायरी एकाच टोकाला असते आणि कापलेल्या तुकड्यावर ती उरेलच असं नाही. तीन महिन्यांचा माल एकदम घेताना प्रत्येक पाकिटाची एक्सपायरी बघा, वरच्या एकाची नाही. बिल घ्या, त्यावर बॅच नंबर येतो.

चिठ्ठी पुन्हा पुन्हा चालते का, हा नेहमीचा प्रश्न. त्याच ६५ व्या नियमात आहे की डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. 'तीन महिने' किंवा 'दर महिन्याला, ३ वेळा' असं लिहिलं असेल तर तेवढ्या वेळा देता येतं, आणि प्रत्येक वेळी दुकानदाराने चिठ्ठीवर आपलं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची असते. चिठ्ठीवर पडणारा शिक्का तो हाच. म्हणून डॉक्टरांकडे 'कंटीन्यू' एवढ्यावर थांबू नका, दिवसांचा आकडा लिहून घ्या. पेशंटचं नाव, तारीख आणि सही नसलेली चिठ्ठी कुठलाही प्रामाणिक फार्मासिस्ट परत करेल, आणि ते योग्यच आहे.

झोपेच्या किंवा दुखण्याच्या काही औषधांना आणखी कडक नियम आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही शेड्यूल एच१ मध्ये आहेत. त्यांची विक्री रजिस्टरमध्ये पेशंट आणि डॉक्टरच्या नावासह लिहावी लागते आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं. तिथे हुज्जत घालू नका.

गावाहून शहरात तपासणीला येणं दर वेळी जमत नसेल तर टेलिफोनवरून किंवा व्हिडिओवरून नूतनीकरण कायदेशीर आहे. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमध्ये जुन्या आजाराच्या चालू औषधांची चिठ्ठी अशी देता येते, फक्त सर्वांत कडक नियमांच्या शेड्यूल एक्समधली आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं देता येत नाहीत. सरकारची ई-संजीवनी सेवा याच कामाची आहे आणि मोफत आहे. जुनी चिठ्ठी, गेल्या दोन आठवड्यांचे बीपीचे आकडे आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून बसा. आकडे नसतील तर डॉक्टर जुनीच चिठ्ठी पुढे चालू ठेवू शकतात, डोस बदलू शकत नाहीत.

आता केंद्राच्या खऱ्या कमजोरीबद्दल. माल संपतो. यादीत सुमारे दोन हजार औषधं आहेत, पण कुठल्याही एका केंद्रात ती सगळी नसतात. मोठी गोदामं गुरुग्राम, गुवाहाटी, चेन्नई, बंगळुरू आणि सूरतला आहेत. केंद्रचालकाला छापील किमतीवर साधारण २० टक्के मार्जिन मिळतं आणि किंमतच कमी असल्याने ती रक्कम लहान पडते. मग तो पटकन खपणारा माल भरतो. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, अॅटोर्व्हास्टॅटिन, पॅन्टोप्राझोल बहुतेक वेळा मिळतात. तीन औषधांची मिश्रणं, नवी औषधं आणि कमी वापराच्या पॉवरच्या गोळ्या वारंवार शॉर्ट असतात. यावर चालकाशी ओळख ठेवणं हाच उपाय आहे. गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी फोन करा, संख्या सांगा, तो पुढच्या ऑर्डरमध्ये टाकतो. दर महिन्याला ठरलेलं गिऱ्हाईक त्यालाही हवंच असतं. मिश्रण नसेल तर तेच दोन घटक वेगवेगळ्या गोळ्यांत घेता येतील का हे डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा येतात. नाहीच मिळालं तर त्या महिन्यापुरता ब्रँड घ्या, पण गोळी चुकवू नका. मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन अचानक बंद केलं तर बीपी आणि ठोके उसळतात. स्टेंट बसवलेल्या माणसाने क्लोपिडोग्रेल स्वतःहून सोडणं जिवावर बेतू शकतं. बरेच दिवस चालू असलेलं प्रेडनिसोलोन आणि फिट्सचं कोणतंही औषध याच यादीत.

सुरुवातीला थायरॉईड, फिट्स आणि वॉरफेरिन वेगळं का काढलं? या औषधांत पुरेसा डोस आणि चुकीचा डोस यांतलं अंतर फार थोडं असतं. कंपनी बदलली की रक्तातलं प्रमाण जरासं हलतं आणि तेवढंही पुरतं. थायरॉईडच्या लेव्होथायरॉक्सिनची कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी करा. वॉरफेरिन बदललं तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) लवकर करा. फिट्सचं औषध ज्या कंपनीचं लागू पडलं आहे तेच चालू ठेवणं उत्तम, पैसे वाचवायची जागा ती नव्हे. बीपीच्या साध्या गोळ्यांसाठी एवढं नको, बदलल्यावर दोन आठवडे रोज एकाच वेळी बीपी लिहून ठेवला की पुरे.

इन्सुलिनही यादीत आहे, पण केंद्राच्या फ्रिजमध्ये ते असेलच असं नाही, आणि असलं तरी फ्रिज चालू आहे का हे डोळ्यांनी पाहा. २ ते ८ अंशांत ठेवलेलं हवं, बर्फाच्या कप्प्यात गोठलेलं नको. बाटली आणि कार्ट्रिज यांची ताकद वेगळी आहे. आपल्याकडची बाटली बहुधा ४० युनिट प्रति मिलीची, १० मिली म्हणजे ४०० युनिट. पेनची कार्ट्रिज १०० युनिट प्रति मिलीची, ३ मिली म्हणजे ३०० युनिट. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० ला नारिंगी. चुकून नारिंगी सिरिंजने ४० च्या बाटलीतून १० खूण भरली तर शरीरात ४ युनिटच जातात. कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने १० ओढली तर २५ जातात. दिवसाला २४ युनिट लागत असतील तर एक बाटली साधारण १६ दिवस पुरते, महिन्याला दोन. पेन असेल तर दर टोचणीआधी २ युनिट हवेत सोडावे लागतात, दोन वेळचे ४, म्हणजे रोजचे २८ आणि महिन्याला ३ कार्ट्रिज. दिवसाला १० च युनिट लागतात त्यांची बाटली ४० दिवस पुरेल असं वाटतं, पण उघडलेली बाटली साधारण ४ आठवड्यांनी टाकून द्यावी लागते. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा.

ज्यांना जनऔषधीचे पैसेही जड जातात त्यांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र गाठावं. बीपी-शुगरच्या मूलभूत गोळ्या तिथे मोफत मिळतात, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचारही मोफत आहेत. तिथे निवड कमी असते आणि साठा बहुधा महिन्याचाच देतात, पण बीपी मोजून, नोंद करून देतात, आणि ते कुठल्याच दुकानात होत नाही.

केंद्राबद्दल तक्रार असेल, जनऔषधीच्या नावाखाली दुसरा माल दिला असेल किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असतील, तर १८००-१८०-८०८० हा टोल-फ्री क्रमांक आहे. बिल आणि पाकिटाचा फोटो हाताशी ठेवून फोन करा.

आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डब्यात गोळ्या काढून ठेवायची सवय असेल तर टेल्मिसार्टन त्यातून वगळा. ती गोळी हवेतला दमटपणा ओढून घेते, म्हणून तिला जाड अॅल्युमिनियमचं पाकीट असतं, आणि कोकणातल्या, मुंबईतल्या पावसाळ्यात ती उघड्या डब्यात भुसभुशीत होते. पाकीट कात्रीने एकेका गोळीपुरतं कापा आणि तो तुकडा फॉईलसकट कप्प्यात ठेवा. फोडायचं ते सकाळी, तोंडात टाकण्यापूर्वी.